अल्पमोलाचे लेखनसाधन

कापसाची वेचणी आटोपून माल विकला गेला, व्यापाऱ्याकडून पट्टी हाती आली आणि तिच्यातून खत-बियाण्यांची उधारी व पीककर्जाचा हप्ता बेबाक झाला, की मागे जी रक्कम शिल्लक राहते तिच्यावर घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी घरातील प्रत्येकाचा काही ना काही हक्क असतो. आणि अलीकडे या हक्कदारांत कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपचीही भर पडली आहे. त्यासाठी लागणारी पंचवीस-तीस हजारांची रक्कम शहरातील नोकरदाराला किरकोळ वाटेल. येथे तिच्यामागे अख्ख्या हंगामाचे श्रम उभे असतात.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली आमच्या जिल्ह्याच्या गावी, जालन्यात, महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी नावारूपाला आले. आमच्याकडचा शेतकरी पिशवीवरील उगवणशक्ती आणि मुदत वाचल्यावाचून पैसे मोजत नाही. लॅपटॉपच्या खोक्यावरील बारीक अक्षरेही त्याच चिकित्सेने वाचली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

“काका, हा घेतला तर भागंल का?” असे विचारत पुतणीने मोबाईल माझ्यापुढे धरला. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण, आणि किंमत मनात भरेल अशी. विंडोज ११ चालण्यासाठी जी किमान अट घातलेली आहे ती नेमकी एवढीच. म्हणजे हे यंत्र आपले सारे बळ स्वतः उभे राहण्यातच वेचणार आणि तिच्या कामासाठी त्याच्याजवळ फारसे काही उरणार नाही. त्यातून ती साठवण ईएमएमसी जातीची, मदरबोर्डालाच डाख दिलेली. उद्या अपुरी पडली तर काढून दुसरी बसवण्याची सोय नाही.

याच तालुक्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला वाहिलेला आहे, आणि त्यातील दोन सूचना मला फार मोलाच्या वाटतात: तारुण्याच्या भरात काढलेले अतिबारीक अक्षर वार्धक्यात कामास येत नाही, म्हणून मध्यम आकार पत्करावा, आणि पानाच्या चहूबाजूंनी जागा कोरी सोडावी, म्हणजे कालांतराने कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. साधन झिजणार हे आरंभीच गृहीत धरून, त्या झिजेची झळ अक्षराला लागू नये अशी तजवीज करणारी ही दृष्टी अल्पमोलाच्या लॅपटॉपाकडे पाहतानाही आपण का सोडावी?

झिजणार काय, तर बॅटरी, चार्जरची वायर, बिजागरी आणि साठवणीची डिस्क. तेव्हा ही अंगे स्क्रू काढून बदलता येण्याजोगी असावीत. प्लास्टिकची काया, अंमळ जास्त वजन, सामान्य कॅमेरा, क्षीण आवाज हे सारे खुशाल सोसावे. पडदा आणि कीबोर्ड यांच्या बाबतीत मात्र मी तडजोड मान्य करणार नाही. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात, १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि हा फरक देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला तत्काळ कळतो. विरळ बिंदूंच्या पडद्यावर ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकमेकांत मिसळतात, रफार शेजारच्या मात्रेला जाऊन चिकटतो, आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसलेल्या मुलीचे डोळे चुरचुरू लागतात. कीबोर्डाचेही तसेच. कारकुनीच्या परीक्षेला मिनिटाला मराठी तीस शब्दांचा वेग लागतो. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने सांभाळत तो वेग कमवायचा, तर दाबलेली कळ बोटाला स्पष्ट उमगली पाहिजे.

कमी पैशांतही विवेक करता येतो, याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली, आणि २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे मुलांच्या हाती आली. किंमत शंभरावर थांबली नाही, ती जवळजवळ दोनशेवर गेली. रॅम अवघी २५६ एमबी, फिरती डिस्क नाही, पडदा साडेसात इंचांचा; परंतु तो पडदा असा घडवलेला की भर उन्हात, आतला दिवा मालवूनही, अक्षर वाचता यावे. त्या योजनेविषयी पुढे पुष्कळ मतभेद झाले. तरी काय गाळावे आणि काय राखावे हे उघड्यावर बसून शिकणाऱ्या मुलाकडे पाहून ठरवणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

कचेऱ्यांतून निघालेले जुने, डागडुजी केलेले लॅपटॉपही विचारात घ्यावेत. त्यांची बांधणी बहुधा मजबूत असते. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो; तेव्हा प्रोसेसरची पिढी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी.

थोरल्या भावाला मी एवढेच सुचवले आहे, की आठ जीबी रॅमचा आणि आणखी रॅमसाठी एक खाच मोकळी असलेला लॅपटॉप पाहावा. ती खाच मोसंबीचे पैसे आले की भरता येईल. आज हाती उरतील त्या रुपयांत एक पेनड्राइव्ह आणि कळांवर चिकटवायची देवनागरी अक्षरे घ्यावीत. जालन्याच्या दुकानात गेल्यावर मुलीला आधी एक मराठी परिच्छेद सावकाश टंकू द्यावा, आणि किमतीची बोलणी त्यानंतर सुरू करावीत.