‘चालेल’ आणि ‘लागेल’

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. मांडवीच्या काठी राहणाऱ्याने त्याला तिसरे वाक्य जोडायला हरकत नाही : होडी पहावी पाळून. घर एकदा बांधले की काही वर्षे तरी उभे राहते, लग्नाचा खर्च एकदाच होतो; होडी मात्र दर वर्षी नव्याने बांधावी लागते आणि तिच्याशी दर वर्षी नव्याने लग्न लावावे लागते. त्यातही ती शिडाची असेल आणि मालकाच्या खिशात निवृत्तिवेतनाखेरीज काही नसेल, तर हा संसार कसा चालतो याचे कुतूहल शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटणे साहजिकच आहे.

आमची होडी ‘एंटरप्राइज’ जातीची, लांबीला सव्वातेरा फूट. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली ही जात कागदावर उतरवली ती मुळी बेताच्या मिळकतीच्या माणसांसाठी. ज्याला तयार बोट परवडत नाही त्याने प्लायवुडचे तक्ते आणून आपल्या अंगणात ती स्वतः जोडावी, अशी तिची सरळ, कोनदार घडण आहे. निळी शिडे ही तिची ओळख. भारतातल्या तलावांवर आणि बंदरांतही ती चांगली रुळली. आमची ही एका क्लबाने मोडीत काढलेली. भाई आणि मी, दोघांनी ती भागीत घेतली. भाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. आयुष्यभर त्यांनी खनिज वाहणाऱ्या बार्जींची इंजिने दुरुस्त केली. मी शाळेत मराठी शिकवले. ते मला अजूनही ‘मास्तर’ म्हणतात, आणि होडीच्या बाबतीत विद्यार्थ्यासारखे वागवतात.

पहिल्याच दिवशी भाईंनी एक वही घातली आणि तिच्या पानावर उभी रेघ ओढून दोन रकाने पाडले. एकावर लिहिले ‘चालेल’, दुसऱ्यावर ‘लागेल’. मराठी माणसाच्या तोंडी ‘चालेल’ इतका वेळा येणारा शब्द दुसरा नसेल. चहा थंड असला तरी चालेल, पाहुणे आयत्या वेळी आले तरी चालेल. या शब्दात आपला समंजसपणा आहे आणि आपला आळसही आहे. होडी बाळगणाऱ्याला या दोहोंतला भेद शिकावा लागतो. कारण माणसे आपले ‘चालेल’ ऐकून घेतात, पाणी ऐकून घेत नाही.

‘चालेल’चा रकाना आमच्याकडे लांबलचक आहे. शिडांची नवी जोडी घ्यायची तर चाळीस हजारांची गोष्ट होती. जुने कापड उजेडात धरून पाहिले तर ते अजून धड होते. उन्हाने खाल्ला होता तो शिवणीचा दोरा. कापडाच्या आधी दोराच जातो. जाड पॉलिएस्टरचा दोरा आणून माझ्या पत्नीने ती शिवण वाकड्यातिकड्या टाक्याने पुन्हा घातली आणि ती शिडे पुढे पाच मोसम टिकली. होडी आम्ही फिरून आलो की पाण्याबाहेर ओढतो, म्हणून तिच्या बुडाला शेवाळ न धरू देणारा महागडा रंग लागत नाही. होडी उलटलीच तर ती तरंगती राहावी यासाठी हवेच्या पिशव्या मिळतात. त्यांच्याऐवजी आम्ही गोड्या तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन घट्ट बुचे लावून बाकांखाली करकचून बांधले आहेत. असे वीस कॅन म्हणजे शंभर किलोंचा उचल देणारा आधार. तो खरोखर मिळतो की नाही हे आम्ही कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटी करून पाहिले. गावातल्या पोरांना त्या दिवशी फुकटचा तमाशा मिळाला.

दोऱ्या आम्ही मासेमारीचे सामान विकणाऱ्या दुकानातून घेतो. तिथे त्या किलोवर मिळतात. पण इथे रकाना बदलतो. नांगराला नायलॉन हवा, कारण तो ताणतो आणि हिसका सोसतो. शीड वर चढवायला पॉलिएस्टर हवा, कारण तो ताणत नाही. स्वस्त निळी-पिवळी दोरी पाण्यावर तरंगते खरी, पण उन्हात एका मोसमात भुगा होते. दोरी ही दोरीच, असे म्हणणे चालत नाही.

‘लागेल’च्या रकान्यातल्या वस्तू बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या असतात. आधीच्या कोणा दुरुस्ती करणाराने बुडाला पितळी स्क्रू मारले होते. वरून ते ठणठणीत होते. काढायला गेलो तर निम्मे पेचकसाखालीच मोडले आणि आतून गुलाबी दिसले. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. पोलादाचेही तसेच. दुकानदार लोहचुंबक लावून ‘स्टेनलेस आहे, चिकटत नाही’ म्हणून दाखवतो. पण ३०४ आणि ३१६ या दोन जातींतला फरक चुंबकाला कळत नाही. समुद्राच्या मिठाला तोंड देणारे मॉलिब्डेनम दुसरीत असते. प्लायवुडवर ‘आयएस ७१०’ ही खूण आम्ही स्वतः वाचून घेतो. आणि लाइफ जॅकेटे. भाईंच्या नातीच्या मापाचे जॅकेट घेतले तेव्हा त्या वर्षीचा रंगकामाचा सगळा पैसा त्यात गेला. भाईंनी वहीत त्यापुढे रक्कम लिहिलीच नाही. नुसती बरोबरची खूण केली.

जून ते सप्टेंबर होडी माडांखाली पालथी असते. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण लाकडाचा खरा शत्रू पाऊस नव्हे, कोंडलेली ओल आहे. ताडपत्री गच्च गुंडाळली की आत बुरशी धरते. म्हणून छप्पर वर, बाजू मोकळ्या. इपॉक्सीचे कामही पावसाळा संपेपर्यंत काढत नाही. दमट हवेत त्याच्यावर मेणचट थर येतो, आणि तो पाण्याने धुतल्यावाचून दुसरा हात दिला तर पापुद्रा सुटतो. ही सारी कामे घाईने होत नाहीत. पैशाच्या जागी आम्ही वेळ खर्च करतो, कारण तो तेवढा आमच्यापाशी आहे.

याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. ती घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. छप्पन्न फुटांच्या त्या नौकेशी आमच्या डबीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण दोंदे ती बांधली जाताना तिथे राबले होते, हे मला फार मोलाचे वाटते. भर समुद्रात जिला आपणच दुरुस्त करायचे, तिचे अंतरंग आपल्या हातांना आधीच ठाऊक असावे लागते. हा नियम छप्पन्न फुटांना लागू आहे तसा सव्वातेरा फुटांनाही.

हात म्हटले की भाई आठवतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी दोन वर्षांत जवळजवळ नेली. वही आता मी लिहितो, ते सांगतात. सुकाणूवर नात बसते. चौदा वर्षांची आहे आणि दुपारचा वायव्येचा वारा आमच्याहून लवकर ओळखते. डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारांची तपासणी मात्र भाई कोणाला देत नाहीत. एकोणीस धाग्यांची ती तार. तिच्यावरून ते कापसाचा बोळा वरून खाली फिरवतात. धागा तुटून वर आला असेल तिथे कापूस अडकतो. गेल्या मेमध्ये उजवीकडच्या तारेवर, अगदी खालच्या सांध्यापाशी, तो दोनदा अडकला.

तिन्ही तारा नव्या करायच्या तर आमच्या वर्षाच्या खर्चाहून जास्त रक्कम लागते. भाईंच्या मुलाचा परदेशातून फोन आला : “बाबा, विकून टाका ती. कोणासाठी एवढा खटाटोप?” प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, आणि त्याला उत्तर द्यायला भाईंना दोन दिवस लागले. नातीने मला बाजूला घेऊन विचारले, “मास्तर, एक मोसम नाही का चालणार?” मुलीचा जीव होडीत गुंतलेला, तिच्यासाठी तरी ‘चालेल’ म्हणावे, असे मलाही क्षणभर वाटले. भाईंना ते ऐकू गेले होते. “तार तुटली तर काठी पडेल ती सुकाणूवरच्या माणसाच्या डोक्यावर,” एवढेच ते म्हणाले. त्या जागी कोण बसते हे सांगायची गरज नव्हती.

तेव्हा यंदाचा हिशेब ठरला आहे. तारांचे पैसे डिसेंबरअखेर जमतील. तोवर बाकीच्या होड्या पाण्यात असल्या तरी आमची माडाखालीच राहील. रंग या वर्षी नाही. निळी शिडे आता जवळजवळ राखाडी झाली आहेत आणि बाजूंचे पोपडे निघाले आहेत. जानेवारीत ती पाण्यात उतरेल तेव्हा फेरीधक्क्यावरचे लोक तिला पाहून हसतील. ते चालेल.