१२७ अंशांचा ताप

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते गोंयकारांना वेगळं सांगायला नको. पंख्याखाली बसलं तरी सदरा अंगाला चिकटतो. अशाच एका दुपारी माझा दहा वर्षांचा जुना संगणक चालता चालता अडखळायला लागला. एखादी फाइल उघडायची म्हटली तरी घटकाभर विचार करायचा. म्हटलं, उकाड्यानं माणसं हैराण, तिथं यंत्राचं काय! पण तापलाय तरी किती ते बघू या.

या संगणकावर लिनक्स आहे. तिथं तापमान बघायला 'एलएम-सेन्सर्स' नावाचं साधन मिळतं. ते बसवून 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही आज्ञा दिली की मदरबोर्डावर मोजमापाची कुठली चिप आहे ते शोधून काढतं. मध्ये मध्ये हो-नाहीचे प्रश्न विचारतं. कळत नसेल तिथं नुसतं एंटर दाबावं, ठरलेलं उत्तर सहसा सुरक्षित असतं. माझ्या बोर्डासाठी त्यानं 'आयटी८७' हा ड्रायव्हर सुचवला. तो चढवला, 'सेन्सर्स' असं टंकलं आणि पडद्यावरची यादी बघून मलाच घाम फुटला. तिसऱ्या तापमानापुढे आकडा होता १२७ अंश सेल्सियस!

अहो, पाणी शंभराला उकळतं. क्षणभर वाटलं, प्लग ओढून टाकावा. मग जरा शांत होऊन बाकीचे आकडे बघितले. प्रोसेसरच्या आतले सेन्सर ५२ सांगत होते. संगणक पुन्हा सुरू करून बायोसच्या पडद्यावर गेलो. तिथं दोनच तापमानं, प्रोसेसरचं आणि बोर्डाचं, आणि दोन्ही ठाकठीक. १२७ चा कुठं पत्ताच नाही.

उलगडा झाला तो असा. चिपमध्ये तीन ठिकाणचं तापमान मोजायची सोय असते, पण बोर्ड बनवणारा दोनच ठिकाणी सेन्सर जोडतो. तिसरी पिन रिकामी. ड्रायव्हरला हे कळायला मार्ग नाही. चिप जे देईल ते तो छापतो. अधिक-उणे चिन्हासकट आठ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा १२७, आणि सगळ्यात लहान उणे १२८. यातला एखादा दिसला तर तो ताप नव्हे, पट्टीचं टोक आहे असं समजावं.

मी खूश. सेन्सर्सच्या सेटिंगच्या फाइलीत त्या तापमानापुढे 'इग्नोर' लिहिलं की ती ओळ दिसेनाशी होते. ते लिहिलं. आता हात चालूच होता म्हणून खाली पंख्यांकडे वळलो. पहिला पंखा फिरतोय, तिसरा फिरतोय. दुसरा, चौथा आणि पाचवा शून्य. हीसुद्धा रिकामी भोकं असणार, असं म्हणून तिन्हींपुढे 'इग्नोर' लिहून मोकळा झालो. यादी कशी स्वच्छ दिसायला लागली!

संगणकाचं अडखळणं मात्र थांबलं नाही. आठ-दहा दिवसांनी आई खोली झाडत होती. खोक्याच्या पुढच्या बाजूला तिचा हात लागला आणि ती म्हणाली, "ताचें आंग हून जालां मरे!"

पुढच्या बाजूला, खाली, हार्ड डिस्क असते. तिचं तापमान मी विचारलंच नव्हतं. मदरबोर्डाच्या चिपला ते ठाऊक नसतं. ते डिस्क स्वतः मोजते, आणि २०२० पासून लिनक्समध्ये आलेला 'ड्राइव्हटेम्प' हा ड्रायव्हर चढवला तर तेही त्याच यादीत दिसतं. चढवला. ५७ अंश. अशा बऱ्याच डिस्कांची मर्यादा ६० असते.

त्या डिस्कवर माझ्या मोठ्या आत्याच्या ओव्या होत्या. १९९४ साली कॅसेटवर घेतलेल्या, २००९ साली संगणकावर उतरवलेल्या. आत्या आता नाही. कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी लागून त्या कधीच गेल्या. दुसरी प्रत काढायचं मी चौदा वर्षं उद्यावर ढकलत आलो होतो.

संगणक चालू ठेवावा तर डिस्क तापते, बंद करावा तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. शेवटी खोक्याची बाजूची पत्री काढली, टेबल-फॅन आणून समोर लावला आणि बाहेरची डिस्क जोडून ओव्या उतरवून घ्यायला लागलो. तापमान हळूहळू ४५ वर आलं. सगळं उतरून झाल्यावर संगणक बंद केला आणि मग पंख्यांकडे बघितलं.

दुसऱ्या जागेला वायर जोडलेली होती! डिस्कवर वारा घालणारा पुढचा पंखा तो. जाळीच्या आड असल्यानं कधी दिसला नव्हता. तरी खात्री करावी म्हणून मागचा चालता पंखा काढून त्याच जागी लावला आणि संगणक सुरू केला. लगेच आकडा आला, मिनिटाला हजारावर फेरे. म्हणजे जागा ठीक, ड्रायव्हर ठीक, पंखाच बसलेला. धूळ आणि आमची खारी, दमट हवा यांनी त्याची पाती बोटानंही फिरत नव्हती. अशा पंख्याची तिसरी तार दर फेऱ्याला बहुधा दोन ठोके पाठवते आणि चिप त्यावरून वेग काढते. ठोका आला नाही की शून्य. पंखा नाही, तार तुटली की पंखा थांबला, हे चिपला सांगता येत नाही. खोका उघडून बघायचं काम आपलं.

नवा पंखा बसवल्यावर डिस्क ४१ वर आली. पण तिच्या स्मार्ट अहवालात काही सेक्टर वाचता येत नसल्याची नोंद होती, म्हणून तीही बदलली. अडखळणं तिथूनच होतं. उष्म्यानं झालं की वयानं, कोण जाणे. उतरवलेल्या ओव्या मी एक एक ऐकल्या. एकीत मधली काही सेकंदं गेली आहेत. आत्याचा आवाज तुटतो आणि पुढच्या ओळीवर परत येतो. मधली ओळ आईला आठवत नाही.

१२७ चा खोटेपणा मी बायोस बघून पारखला होता. शून्याला मात्र मी तेवढाही वेळ दिला नाही. एक खोटा निघाला म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवलं. दुसऱ्या पंख्यापुढचं 'इग्नोर' आता काढून टाकलंय.

असो. ओव्यांच्या प्रती आता तीन घरांत आहेत. तुमच्याकडे कुणाचा आवाज एकाच डिस्कवर असेल, तर आज रात्री त्याची दुसरी प्रत काढा. पंखा मग सावकाश बघता येईल.