बिघडलेला स्लॅब कापून बघावा

भोसरीतल्या फाउंड्रीत कास्टिंग रिजेक्ट झालं, तरी जाणता माणूस ते लगेच भट्टीत टाकू देत नाही. आधी कापून बघतो. आत ब्लोहोल दिसलं तर हवा कुठे कोंडली ते शोधायचं, श्रिंकेज दिसलं तर धातू सगळ्यांत शेवटी कुठे गोठला ते. मी रंधा धरायला शिकलो तो फाउंड्रीसाठी लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये, त्यामुळे ही सवय हातात बसली आहे. आता लाकूड आणि इपॉक्सी रेझिनची टेबलं करतो; दोन फळ्यांमधून निळी नदी गेल्यासारखी दिसणारी. या कामात चुका सगळ्यांच्याच होतात, पण बिघडलेला स्लॅब कापणारे फार थोडे. बहुतेक जण वरून आणखी एक थर ओतून मोकळे होतात आणि तीच चूक पुढच्या टेबलात पुन्हा ओततात.

आपल्या पट्ट्यात सगळ्यांत जास्त दिसणारा दोष म्हणजे चिकट राहिलेला माल. आठवडा झाला तरी बोट लावलं की ठसा उठतो. यामागे बऱ्याचदा फायबरच्या कामाची सवय असते. इथे एफआरपीचे गाळे पुष्कळ. तिथलं पॉलिएस्टर रेझिन एक-दोन टक्के हार्डनरवर सेट होतं. थंडी असेल तर थोडा वाढवायचा, उन्हाळ्यात कमी करायचा. तो हात इपॉक्सीत चालत नाही. इपॉक्सीत हार्डनर हा मालाचाच अर्धा भागीदार आहे. रेझिनचा एकेक कण हार्डनरच्या कणाशी जोडला जातो. जो जास्तीचा उरतो तो तसाच आत राहतो आणि सगळा तुकडा मऊ करतो. घाई म्हणून हार्डनर वाढवला, तर काम लवकर होत नाही, कधीच होत नाही.

दुसरी गफलत मापाची. डब्यावर ‘2:1’ लिहिलेलं असतं ते पुष्कळदा आकारमानाचं. रेझिन जड, हार्डनर हलका. वजनकाट्यावर तेच प्रमाण 100 ग्रॅमला साधारण 43 ते 45 ग्रॅम येतं. काट्यावर 50 टाकणारा माणूस मन लावून, ग्रॅमन् ग्रॅम मोजून चुकतो. अशा माणसाला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. कंपनीच्या कागदावर वजनाचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, ते शोधून भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं.

लाकडाचा दोष कापल्यावरच कळतो. चाकणच्या वाहन कारखान्यांत परदेशातून सुटे भाग येतात ते पाइनच्या पेट्यांतून. ते लाकूड भंगारवाल्यांकडून आपल्यापर्यंत येतं. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडल्यापासून ते शोधावं लागतं, पण मिळतं. त्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि ‘एचटी’ असा शिक्का असतो. तो बघून लोक समजतात, लाकूड भट्टीत वाळवलेलं आहे. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकडाचा गाभा 56 अंशांवर 30 मिनिटं तापवला, म्हणजे कीड मेली. ओल तशीच असू शकते. मग रेझिन तापलं की ती वाफ होऊन बाहेर येते आणि लाकडालगत दुधाळ पट्टा उमटतो, बारीक बुडबुड्यांची रांग दिसते. टिंबर मार्केटमधून आणलेल्या आंब्या-शिरसाच्या ताज्या फळ्यांचंही तेच. ओल 10-12 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय साचा बांधायलाच घेऊ नये. मीटर नसेल तर फळी दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचं थांबलं की ती तयार.

बुडबुडे मात्र ओल्या लाकडातूनच येतात असं नाही. पत्र्याच्या गाळ्यात सकाळी ओतलं की दुपारपर्यंत छत तापतं, लाकूड तापतं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि रेझिनमध्ये वर येत राहते. हीट गन फिरवून वरचे फुटतात, खालून नवे येतात. होडी बांधणाऱ्यांना हे जुनं ठाऊक: उतरत्या तापमानात ओतावं. लाकूड थंड होताना हवा आत ओढतं आणि रेझिनही सोबत छिद्रांत जातं. त्याआधी ब्रशने पातळ थर देऊन छिद्रं बुजवावीत. मी गुरुवार संध्याकाळ निवडतो. एमआयडीसीला सुट्टी असते, शेजारच्या प्रेसचे हादरे नसतात, धूळ खाली बसलेली असते.

मे महिन्यात जाड ओत काढणं धोक्याचं. इपॉक्सी सेट होताना स्वतः तापतं, आणि उष्णतेला जाडीतून बाहेर पडायला वाट मिळत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो, त्यातून आणखी उष्णता. वरच्या कोटिंगचं रेझिन 3 ते 6 मिलिमीटरसाठी असतं; तेच दोन इंच ओतलं तर पिवळं पडतं, तडकतं, डब्यात राहिलेलं धूरही सोडतं. कापल्यावर मधला भाग करपट आणि कडा स्वच्छ दिसल्या, तर दोष हार्डनरचा नाही, जाडीचा. जाड कामासाठीचं संथ रेझिन वेगळं येतं, नाहीतर थर पाडावेत. खालचा थर बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, तेव्हा दुसरा ओतावा. ती वेळ निघून गेली तर घासल्याशिवाय थर धरत नाही.

पावसाळ्यात पृष्ठभागावर मेणचट साय येते. पॉलिशपेपर मारू नये, ती आणखी पसरते. साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावी, वाळवावी, मग घासावं.

आणि पोरांनो, हातमोजे. अंगाला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. एकदा ॲलर्जी बसली की ती सहसा जात नाही. हात चालत असूनही धंदा सोडावा लागतो.

माझ्या गाळ्यात कापलेल्या तुकड्यांचा एक रॅक आहे. प्रत्येकावर मार्करने तारीख, तापमान, वजनाचं प्रमाण, लाकडाची ओल. नव्या मुलाला पहिल्या दिवशी ओतायला देत नाही. रॅकवरचा तुकडा हातात देतो, मार्करची बाजू झाकून, आणि विचारतो, हा कशाने गेला असेल?