शिथिल आणि शांत



शब्दार्थविचार शिकवताना मी एक वाक्य नेहमी फळ्यावर लिहितो : ‘शब्दाचा अर्थ कोशात नोंदलेला असतो, पण तो पोहोचतो ऐकणाऱ्याच्या अनुभवातून.’ पेणच्या महाविद्यालयात वीसहून अधिक वर्षे मी हे वाक्य लिहीत आलो आहे. त्याचा खरा धडा मात्र मला रोह्यात, माझ्या थोरल्या बहिणीच्या ओटीवर मिळाला.

ताईच्या स्तनात गाठ आढळली. तपासणीअंती ती कर्करोगाची ठरली आणि मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. निघण्याच्या आदल्या रविवारी मी पेणहून एसटीने रोह्याला गेलो. ताई रुग्णालयाचे कागद पुढे घेऊन बसली होती. ती दहावीपर्यंत शिकलेली. पण कोणताही कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर सही करणारी नव्हे. एका ओळीवर तिने बोट ठेवले. ‘शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाईल,’ असे तेथे छापले होते.

“शिथिल म्हणजे काय रे?”

मला माझ्याच विषयातला प्रश्न मिळाला होता. मी सांगू लागलो : मूळ संस्कृत ‘शिथिल’, प्राकृतात ‘सिढिल’ आणि ‘सढिल’, त्यातूनच आपला ‘ढिला’ आणि ‘सढळ हाताने’ यातला ‘सढळ’. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “कीर्तनात ऐकलंय मी. गात्रं शिथिल झाली म्हणजे माणूस जायला निघाला.” थोडे थांबून तिने विचारले, “आणि अंग असं ढिलं पडलेलं असताना मला जाग आली, तर मी सांगू कशी?”

“काहीतरीच काय! झोपेचं औषध देतात. तुला काही कळणारसुद्धा नाही.”

ती गप्प झाली. तिचे समाधान झाले, असे मी मानले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर तपासायला आल्या. “मावशी, काही विचारायचंय?” ताईने माझ्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. त्या एका नजरेने मला माझी चूक कळली. तिचा प्रश्न संपला नव्हता. मी तो तिच्याकडून काढून घेतला होता. तो मी डॉक्टरांना सांगितला. त्या हसल्या नाहीत. “प्रश्न अगदी बरोबर आहे,” असे म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी जे समजावले, आणि पुढे मी जे वाचले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपण ज्याला ‘भूल’ म्हणतो, ती एक गोष्ट नसून तीन गोष्टी असतात. पहिली झोप, म्हणजे भान नसणे. दुसरी वेदनेचे शमन. तिसरी स्नायूंचे शैथिल्य. या तिन्हींसाठी बहुधा वेगवेगळी औषधे असतात. श्वासनलिकेत नळी घालताना घशाचे स्नायू आवळून चालत नाहीत. पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू ताठ राहिले, तर शल्यविशारदाचे काम अवघड होते. म्हणून शैथिल्य लागते.

त्याची यंत्रणा तुम्हाला एसटीच्या उदाहरणाने सहज समजेल. मज्जातंतूच्या टोकाशी असेटिलकोलिन नावाचे द्रव्य सुटते आणि स्नायूवरील ठरावीक जागी जाऊन बसते. मगच स्नायू आकुंचन पावतो. शैथिल्य आणणारी बरीचशी औषधे ती जागा आधीच अडवून बसतात, जशी खिडकीतून रुमाल टाकून आपण सीट अडवतो. निरोप येतो, पण त्याला बसायला जागा नसते.

या औषधांचे मूळ क्युरारे या विषात आहे. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी ते शिकारीच्या बाणांना लावत. 23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा वापर केला. त्यापूर्वी स्नायू सैल पडण्यासाठी रुग्णाला फार खोल भूल द्यावी लागे, आणि त्यात धोका असे. आता हलक्या भुलीवर काम भागू लागले. पण त्यातूनच नवा प्रश्न उभा राहिला : न हलणाऱ्या माणसाला काही जाणवत नाही, असे म्हणता येईल काय?

अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःवरच हा प्रयोग करून घेतला; त्याचा अहवाल 1947 साली प्रसिद्ध झाला. झोपेचे औषध न घेता त्याने श्वासही थांबेल इतके क्युरारे टोचून घेतले. श्वासोच्छ्वास सहकाऱ्यांनी कृत्रिम रीतीने चालू ठेवला. पापणीही हलवता येत नसताना त्याला सर्व ऐकू येत होते, सर्व कळत होते आणि वेदनाही जाणवत होत्या. ताईने ओटीवर बसून विचारलेला प्रश्न तो हाच.

याहूनही मन हलवणारे उदाहरण तान्ह्या बाळांचे आहे. नवजात अर्भकाला वेदना फारशी कळत नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला. हृदयाजवळील रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेसाठी सर्व बाळांना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे दिले जात असे. काहींना त्याबरोबर फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामकही देण्यात आले. टेबलावर सर्वच बाळे सारखीच निश्चल होती. रक्ताने मात्र फरक सांगितला : वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली होती. हा अभ्यास 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे भाषेचा अभ्यासक म्हणून मी थबकलो. आपल्याकडे या शास्त्राला ‘बधिरीकरण’ असेही नाव आहे. ‘बधिर’ म्हणजे बहिरा. ‘बहिरा’ हा शब्द आलाही त्यातूनच. परंतु स्नायू शिथिल करणारे औषध शरीराला बहिरे करीत नाही. ते त्याला मुके करते. बहिरेपण आणि मुकेपण यांतला हा भेद ताईला व्युत्पत्तीवाचून उमगला होता.

मुके झालेले शरीर बोलते तरी कसे? शस्त्र ऊतींना लागताच मज्जातंतूंतून निरोप मेंदूकडे जातो. अधिवृक्क ग्रंथी क्षणार्धात अ‍ॅड्रेनलिन सोडतात, मग कॉर्टिसोल वाढते. नाडी व रक्तदाब चढतात, रक्तातील साखर वाढते, स्नायूंतील प्रथिने खर्ची पडतात आणि काही काळ रोगप्रतिकारशक्ती मंदावते. जखमी प्राण्याला जगवण्यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. माणूस गाढ झोपलेला असला, तरी तिचा बराचसा भाग चालूच राहतो.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत या प्रतिसादाला वेगळे महत्त्व येते. गाठ हाताळली जात असताना काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात. अशा पेशींना टिपणाऱ्या आपल्या मारक पेशी नेमक्या त्याच काळात थंडावलेल्या असतात. मग भुलेची पद्धत बदलून रोग उलटणे टाळता येईल काय? 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्तनाच्या कर्करोगाच्या 2,108 स्त्रियांपैकी काहींना नेहमीची संपूर्ण भूल, तर काहींना पाठीच्या कण्याजवळ नसा बधिर करणारे इंजेक्शन देण्यात आले. रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र निराळी वाट धरली. 2011 पासून भारतातील 11 केंद्रांवर त्यांनी चाचणी घेतली. दाताच्या दवाखान्यात वापरतात ते साधे, स्वस्त लिग्नोकेन त्यांनी निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या 7 ते 10 मिनिटे आधी गाठीच्या सभोवती टोचले. संपूर्ण भूल सर्वांनाच होती. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 1,583 स्त्रियांची माहिती आहे : पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्या गटात 90.1 टक्के, तर न मिळालेल्या गटात 86.4 टक्के होते. एका चाचणीवरून अंतिम निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण मेंदू झोपलेला असतानाही गाठीभोवतीच्या ऊती कापण्याला प्रतिसाद देत असतात आणि तेथेच तो थोपवणे उपयोगी ठरू शकते, ही या चाचणीमागची कल्पना मला फार मोलाची वाटते.

पुन्हा ताईकडे येतो. डॉक्टरांनी तिचे मनगट हातात घेतले. “इथे बारीक विजेचे चार टिचके देत राहीन. अंगठा किती हलतो, त्यावरून औषधाचा अंमल कळतो. चौथं हलणं पहिल्याइतकं जवळजवळ जोरकस झालं, की स्नायू परत तुमच्या ताब्यात आले. झोप आणि वेदना अंगठ्यावरून कळत नाहीत. त्यासाठी नाडी, रक्तदाब आणि श्वासातल्या औषधाचं प्रमाण मी सारखं बघत असते.” ऑपरेशन चालू असताना जाग येण्याचा प्रकार फार क्वचित घडतो, हेही त्यांनी सांगितले, मात्र ‘घडतच नाही’ असे म्हणाल्या नाहीत. ब्रिटनमधील 2014 च्या एका मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे 19,000 भुलींमागे एक असे आढळले; स्नायू शिथिल केलेल्या रुग्णांत ते सुमारे 8,000 मागे एक होते.

ताईने विचारले, “म्हणजे तुम्ही तिथून उठून जाणार नाही?”

“नाही, मावशी. शेवटपर्यंत तुमच्या उशाशीच.”

त्यानंतर तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिने आधी उजव्या हाताचा अंगठा हलवून पाहिला, असे तिने मला नंतर सांगितले. आता ती दिव्याच्या गाडीने नियमित तपासणीला जाते. मी सोबत असतो. वाटेत ती बोलते, आणि मी पूर्वीपेक्षा कमी बोलतो.

तुमच्यापैकी अनेकजण संसार आणि नोकरी सांभाळून हा अभ्यास करीत आहात. भाषा शिकलेला माणूस म्हणून घरातले लोक तुमच्याकडेही कागद घेऊन येतील आणि एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतील. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ जरूर सांगा. पण त्याआधी, तो शब्द वाचून त्यांच्या मनात काय आले, एवढे विचारून घ्या.