उपग्रहापासूनचे अंतर

मराठीच्या प्राध्यापकांनी शेअरबाजारावर लिहावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु अंतर हा आम्हां नागपूरकरांचा जुना विषय आहे. पुण्यामुंबईच्या साहित्यव्यवहारापासून आपण किती दूर, याचा हिशेब आम्ही विद्यार्थिदशेपासून मांडत आलो. अंतराविषयी शेअरबाजाराइतकी स्पष्ट बोलणारी दुसरी व्यवस्था मात्र आम्हांला आढळलेली नाही.

दलाल स्ट्रीटवरचे सौदे पूर्वी ओरडून आणि हातवारे करून होत. इतवारीतल्या माणसाला शेअर घ्यायचे असत तेव्हा तो स्थानिक मध्यस्थाला सांगे आणि मध्यस्थ मुंबईच्या दलालाला फोन करी. दिवसभराच्या चढउतारात आपला सौदा नेमका कोणत्या क्षणी, कोणत्या भावाने झाला, हे दलालाच्या शब्दावरच मानावे लागे.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) शेअरांची उलाढाल संगणकाच्या पडद्यावर सुरू केली. मुंबई शेअर बाजारही १९९५ मध्ये त्याच वाटेने गेला. आता ऑर्डर एका यादीत जाऊन उभी राहते. चांगला भाव देणारा पुढे. भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढे. समजा, विकणाऱ्यांच्या रांगेत १०० शेअर २५० रुपयांना आहेत आणि त्यामागे २०० शेअर २५१ ला. एखाद्याने ‘मिळेल त्या भावाने १५०’ अशी ऑर्डर दिली, तर त्याला १०० शेअर २५० ला आणि उरलेले ५० शेअर २५१ ला मिळतात. ‘२५० च्या वर नको’ असे बजावले असेल, तर १०० मिळतात आणि ५० रांगेत थांबतात. रांगेत कोणाचेही नाव दिसत नाही. जात, गाव, ओळखपाळख यांना इतका पूर्ण नकार देणारी रांग आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही. महाविद्यालयातील नेमणुकांत तर नाहीच.

त्या पहिल्या काळात दलालांची कार्यालये उपग्रहाद्वारे, व्हीसॅटच्या तबकड्यांनी, बाजाराच्या संगणकाशी जोडलेली होती. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. संदेश वर जाऊन खाली यायला जवळपास पाव सेकंद लागे, आणि तो दादरच्या तबकडीला लागे तितकाच सीताबर्डीच्या तबकडीलाही. मुंबई आणि नागपूर कशापासून तरी समान अंतरावर आहेत, असा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात विरळाच!

पुढे जमिनीखालून काचेचे तंतू आले. त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; नागपूरहून मुंबईला चार सहस्रांश सेकंद पुरतात. वेग वाढला आणि त्याच्यासोबत अंतरही परत आले. २०१० च्या सुमारास एनएसईने दलालांना आपल्याच आवारात, बाजाराच्या संगणकाशेजारी, भाड्याने जागा देण्यास आरंभ केला. ‘आधी आलेला पुढे’ हा नियम अक्षरशः तोच राहिला; आधी येण्याची जागा तेवढी विकाऊ झाली. त्या आवारातही भावांची माहिती काहींना इतरांच्या आधी मिळत होती, असा वाद उभा राहिला. सेबीने २०१९ मध्ये एनएसईला ६२४ कोटींहून अधिक रक्कम व्याजासह भरण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, पण पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला सांगितले.

दहा वर्षांसाठी शेअर घेणाऱ्याला चार सहस्रांश सेकंदांचे काय, असे आमचे अर्थशास्त्राचे सहकारी विचारतात. त्याचे फारसे बिघडत नाही, हे मान्य. पण तेवढ्या अवधीसाठी कोणी भाडे मोजत असेल, तर तो अवधी कोणाच्या तरी खिशातून येत असणार.

अमेरिकेत आयईएक्स नावाच्या बाजाराने याला वेगळे उत्तर दिले. त्यांनी सुमारे ६१ किलोमीटर लांबीचा काचेचा तंतू वेटोळे करून एका पेटीत ठेवला. बाहेरून येणाऱ्या ऑर्डरींना त्यातून जावे लागते आणि ३५० दशलक्षांश सेकंदांचा उशीर सोसावा लागतो. यंत्र शेजारच्या खोलीत असले तरी सुटका नाही. ६१ किलोमीटर म्हणजे साधारण नागपूर ते भंडारा. एवढा रस्ता गुंडाळून मुंबईच्या दारात ठेवलेला आम्हांला पाहायचा आहे.