तेलाचा एक थेंब

गळती हा शब्द व्यापाऱ्याला नवा नाही. पोत्यातून धान्य सांडते, वजनात तूट येते, उधारीतली रक्कम हळूहळू बुडीत खात्याकडे सरकते. मोठे नुकसान एका दिवसात झाले तर सारे घर जागे होते. थेंबाथेंबाने होणारे नुकसान मात्र सवयीचे होऊन जाते. मोटारीच्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाचेही तसेच आहे. सकाळी गाडी बाहेर काढल्यावर फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. नोकर तो पुसून टाकतो आणि गाडीचा मालक पेढीवर निघून जातो.

या डागाकडे दोन कारणांनी लक्ष द्यावे लागते. पहिले कारण तेलाच्या पातळीचे. बहुतेक लहान मोटारींत डिपस्टिकवरील वरची आणि खालची खूण यांत साधारण एक लिटरचे अंतर असते. पातळी खालच्या खुणेच्याही बरीच खाली गेली की चढावर किंवा वळणावर पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि इंजिन जाम होते. डॅशबोर्डवरील तेलाचा लाल दिवा वेळेवर सावध करील, असा अनेकांचा समज असतो. तो दिवा तेलाची पातळी दाखवीत नाही, तेलाचा दाब दाखवतो. तो पेटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. खात्यातील शिल्लक न पाहता चेक परत येण्याची वाट पाहण्यासारखेच ते आहे. दुसरे कारण आगीचे. वरून ओघळलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर जळका वास येतो आणि धूर निघतो. क्वचित त्यातून आगही लागू शकते.

बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याची गाडी १२ वर्षांची. पत्नीच्या उपचारांसाठी दर पंधरवड्याला सोलापूर गाठावे लागे. एका बाजूने सुमारे ७० किलोमीटर. एक दिवस गाडीखाली डाग दिसला. काही दिवसांत त्याचा आकार वाढला आणि सिग्नलला गाडी थांबली की जळक्या तेलाचा वास येऊ लागला. गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून पाहिली. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले जातात तेथे तेल ओघळलेले होते. ‘मागचे क्रँक सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल,’ असे त्याने सांगितले. तीन दिवस गाडी उभी राहणार होती आणि खर्च पाच आकडी. पुण्याच्या मुलाने फोनवर सल्ला दिला, ‘अप्पा, आता विकून टाका ती. इंजिन कामाला आले की गाडीत पैसे घालू नयेत.’ पत्नीची पुढची तारीख चार दिवसांवर होती. गाडी विकायला काढली असती तरी अशा अवस्थेत घेणाऱ्याने भाव पाडूनच मागितली असती.

व्यापाऱ्याने दुसरे मत घ्यायचे ठरवले. आडत बाजारामागच्या एका वयस्कर मिस्त्रीने गाडीखाली जाण्याऐवजी आधी बॉनेट उघडले. “शेठ, तेल वरून खाली येतं. खाली कुठं दिसतं ते सोडा, वर कुठं सुरू होतं ते बघू,” तो म्हणाला. या एका वाक्यात गळती शोधण्याचे अर्धे शास्त्र आले. तेल उताराने खाली जाते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून थेंब पडण्याची जागा आणि गळतीची जागा बहुधा एक नसते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून झिरपलेले तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत नेमके गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी जमते आणि क्रँक सील गेल्याचा भास होतो.

निदानाची रीत साधी आहे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. सकाळी डागाची जागा आणि रंग पाहावा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचे असेल तर कूलंट. तपकिरी किंवा काळे आणि बोटांना बुळबुळीत लागणारे असेल तर इंजिन ऑइल. त्यानंतर इंजिन बाहेरून स्वच्छ करावे. विजेच्या जोडण्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मात्र मारू नये. मग गाडी १५-२० किलोमीटर फिरवून आणावी आणि बॅटरीच्या प्रकाशात सर्वांत उंचावरचा ओला ठिपका शोधावा. जुन्या चिखलमिश्रित तेलावर अंदाज बांधणे म्हणजे खतावणी न जुळवता ताळेबंदावर सही करणे होय. नुकतीच सर्व्हिसिंग झालेली असल्यास ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर आधी तपासावा. फिल्टर बदलताना जुना रबरी वॉशर तसाच चिकटून राहिला तरी तेल गळते. गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये.

मिस्त्रीने हेच केले. फेरी मारून आल्यावर ओली रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली स्पष्ट दिसली. या कव्हरखाली रबराचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन ते कडक होते, त्याचा लवचीकपणा जातो आणि तेल वाट काढते. पॅकिंगची किंमत काही शे रुपये. तरीही मिस्त्री एवढ्यावर थांबला नाही. त्याने ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून पाहिला. तो काजळीने चोंदलेला होता. इंजिनच्या पोटात साचणारा वायू या मार्गाने बाहेर पडतो. मार्ग बंद झाला की दाब वाढतो आणि तो तेलाला फटीतून बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह तसाच ठेवून केवळ पॅकिंग बदलले असते, तर नवे पॅकिंगही काही दिवसांत पुन्हा पाझरू लागले असते.

दुरुस्ती थंड इंजिनावरच करायची असते. आधी बॅटरीची ऋण तार काढतात. इग्निशन कॉइल आणि नळ्या काढताना त्यांवर खुणा करून ठेवतात. बोल्ट थोडेथोडे, सर्व बाजूंनी सारखे सैल करतात. कव्हर चिकटून बसले असेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचे नाही. तसे केल्यास ॲल्युमिनियमच्या कडेला चरा पडतो आणि तो चराच नवी गळती होतो. रबरी हातोडीने हलके ठोकले की कव्हर सुटते. मग प्लगच्या विहिरी स्वच्छ फडक्याने बंद करून दोन्ही कडा पुसून घ्यायच्या, जुन्या पॅकिंगचा कण आत पडू द्यायचा नाही. प्लगच्या नळ्यांची सीलही याच वेळी बदलावी, कारण तेथून तेल विहिरीत उतरले की इंजिन झटके देऊ लागते. सिलिकॉन सीलंट सर्वत्र फासायचे नसते. कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवर, बहुधा टायमिंग कव्हर आणि हेड यांच्या सांध्यावर, थेंबभर पुरते. जादा लावलेले सीलंट आत सुटून तेलाची जाळी अडवू शकते.

शेवटची पायरी बोल्ट आवळण्याची. ते मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. ताकद फार कमी लागते. अनेक गाड्यांत ती ८ ते १० न्यूटन मीटर एवढीच असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. व्यापाऱ्याने सहज सुचवले, “अजून थोडं आवळा की.” मिस्त्री म्हणाला, “जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं, नाहीतर आटे जातात. मग हेडचं काम निघतं, शेठ.”

दुपारी गाडी घेऊन आलेला व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन गेला. मधली रात्र सीलंट सुकण्यासाठी होती. निघण्यापूर्वी इंजिन १५ मिनिटे चालू ठेवून सारे कोपरे तपासले, पातळी पाहिली, कमी झालेले तेल भरले. ठरलेल्या दिवशी पती-पत्नी सोलापूरला जाऊन आले. मुलाला त्यांनी बदललेल्या पॅकिंगचे छायाचित्र पाठवले. विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याची लबाडी होती, असे म्हणता येणार नाही. क्रँक सील खरोखरही जाते, आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. उणीव तपासणीच्या क्रमात होती. स्वस्त आणि सोपे कारण आधी पडताळावे, महाग कारण नंतर. मोठे काम सुचवणाऱ्याला एवढेच विचारावे की, ‘इंजिन धुऊन पाहिले का? तेल कोठून सुरू होते ते दाखवता का?’ प्रामाणिक कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो हातात बॅटरी घेऊन दाखवतो.

एक गोष्ट मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. वापरलेले इंजिन ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार त्याची गणना घातक कचऱ्यात होते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे. पाण्यात आणि मातीत राहणाऱ्या असंख्य लहान जीवांचा विचार ज्या घरांत रोज होतो, तेथे हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

बार्शीच्या त्या व्यापाऱ्याने आता एक छोटी वही गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, तो डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालून पाहतो आणि तारीख, किलोमीटर व पातळी लिहितो. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. पातळी घटू लागली, तर फरशीवर डाग दिसण्याआधीच ते या वहीत दिसेल.