दुसऱ्या खेपेची घाई

‘डॉक्टर वेळेवर पोहोचले नाहीत का गं?’ धाकट्याच्या जन्मापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून टाकावं असं वाटू लागलंय. प्रश्न मायेपोटी येतो. सांगलीच्या काकूंच्या आवाजात तर खरीखुरी काळजी होती. ‘देवाच्या कृपेनं निभावलं म्हणायचं,’ त्या म्हणाल्या. मला खुपतं ते हे ‘निभावलं’. धाकटा नेदरलँड्समध्ये, आमच्या उत्रेख्तच्या घरी, वरच्या मजल्यावर, आमच्याच पलंगावर जन्मला. तो तिथेच जन्मावा म्हणून कित्येक आठवडे तयारी चालली होती. डॉक्टरांना कुणी बोलावलंच नव्हतं.

इथे गरोदरपण धडधाकट चाललं असेल, तर ते सुईणीकडेच असतं. रक्तदाब चढला, जुळं निघालं, बाळ आडवं असलं, आधीचं सिझेरियन असलं, की ती तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हवाली करते. तोवर तपासण्या तिच्या, बाळंतपण तिचं, नंतरची देखरेखही तिची. ती चार वर्षं शिकलेली असते. तिच्या बॅगेत बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र असतं, वार पडताना द्यायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, टाक्यांचं सामान असतं, बाळाला श्वास द्यायचा मुखवटा असतो. या व्यवसायाला इथे फार जुनी प्रतिष्ठा आहे. फ्रीसलंडमधल्या डोकम गावच्या काथरिना श्राडर या विधवा सुईणीनं 1693 ते 1745 या काळात केलेल्या तीन हजारांहून अधिक बाळंतपणांची वही लिहून ठेवली. कुणाचं मूल कसं आलं, कुठे अडलं, किती पैसे मिळाले, सगळं तिच्यात आहे. बाईनं बाईच्या कामाची इतकी चोख नोंद ठेवावी, याचं मला अपार कौतुक वाटतं.

आता घाईबद्दल. ‘लवकर सुटलीस, नशीबवान आहेस’ हे दुसरं वाक्य मी वारंवार ऐकलं. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो, यात नशिबाचा भाग थोडा आणि शरीराचा जास्त. पहिलटकरणीच्या पिशवीचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडतं. दुसऱ्या वेळी ही दोन्ही कामं बरोबरीनं चालतात. ओटीपोटाखालचे स्नायू एकदा ताणले गेलेले असतात, तेही फारसा अडसर करत नाहीत. कळा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत मूल आलं, तर त्याला वैद्यकात वेगवान प्रसूती म्हणतात. पण वेगवान म्हणजे सोपी नव्हे, हे मी अनुभवानं सांगते. संथ बाळंतपणात दोन कळांच्या मध्ये बाईला पाठ टेकता येते, घोटभर पाणी पिता येतं, मनाला सावरता येतं. घाईच्या बाळंतपणात ती उसंतच नसते. मांड्या थरथर कापतात, पोटात ढवळतं, आणि शरीर जिथे पोहोचलेलं असतं तिथे मन अजून आलेलं नसतं. शिवाय अंग फाटण्याची आणि नंतर जास्त रक्त जाण्याची धास्तीही घाईत अधिक.

हे सगळं आमच्या सुईणीनं आधीच ओळखलं होतं. थोरलीच्या वेळची टिपणं तिनं वाचली होती. घरी येऊन तिनं जिना पाहिला. इथले जिने उभे आणि अरुंद, वळणावर पाऊल तिरकं टाकावं लागतं, आणि गरज पडली तर स्ट्रेचर तिथून उतरायला हवा. पलंगाला दोन्ही बाजूंनी जागा आहे ना, हे पाहिलं. पलंगाखाली ठोकळे लावून तो पुरेसा उंच करायला लावला, कारण वाकून काम करताना सुईणीची आणि नर्सची पाठ मोडू नये, असा इथला दंडकच आहे. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, ‘पहिल्या वेळी कळा तासभर मोजायला सांगितल्या होत्या. या वेळी मोजत बसू नकोस. नियमित येताहेत असं वाटलं की फोन कर, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.’

आणि खरंच रात्रीच ते सुरू झालं. तिनं फोनवर फार प्रश्न विचारले नाहीत. ‘फोन बाजूला ठेव आणि पुढची कळ येऊ दे,’ इतकंच म्हणाली. एका कळेभर ती माझा आवाज ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘मी निघाले.’ माझं कण्हणं ऐकून तिला जे कळलं, ते घड्याळावरून कळलं नसतं. ती आली, हात धुतले, कळ ओसरल्यावर बाळाचे ठोके ऐकले आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसली. उगाच बोलली नाही. अंगात हात घालून पुन्हापुन्हा तपासलं नाही. मला जोर करावासा वाटू लागला तेव्हा मात्र तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, ‘जोर नको, आता फुंकर घाल. हळू. अजून एक फुंकर.’ गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिनं खाली दाबून धरलं होतं. त्यानं मोठ्या जखमा टळतात, हे अभ्यासांतूनही दिसलंय. त्या वेळी मला एवढंच कळलं, की त्या ऊबेमुळे आग सोसवत होती. बाळ छातीवर आलं, नाळेतली धडधड थांबेपर्यंत ती कापली नाही. मग मांडीत इंजेक्शन, मग वार. ती तिनं दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिली, पुरी आहे ना म्हणून. भिजलेल्या घड्या एकेक करून वजनकाट्यावर ठेवल्या आणि किती रक्त गेलं ते लिहून घेतलं. अंदाजानं ‘बरंच गेलं’ किंवा ‘ठीक आहे’ म्हणणं वेगळं आणि घडी तोलून आकडा लिहिणं वेगळं. माझा तिच्यावरचा विश्वास तिथे पक्का झाला.

इथे थोडं थांबून, ज्यांची दुसरी-तिसरी खेप आहे त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते, कारण सुईण किंवा गाडी पोहोचायच्या आत मूल येऊ शकतं आणि तेव्हा माणसं नको ते करतात. पहिली गोष्ट, बाईला जोर करावासा वाटत असेल, तर तिला जिना उतरवून गाडीत घालू नका. रस्त्याकडेच्या गाडीपेक्षा घर बरं. इथे 112, महाराष्ट्रात 108, फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि पलीकडचं माणूस सांगेल ते करा. दाराची कडी काढा, जिन्यातला दिवा लावा. तिला उभं किंवा शौचालयात बसलेलं ठेवू नका. कुशीवर निजवा, नाहीतर गुडघे-तळहात टेकवून ओणवं राहू द्या, खाली जाड टॉवेल पसरा. डोकं दिसू लागलं की तिला तोंडानं फू-फू करायला सांगा. डोक्याखाली हात धरा, पण ओढू नका, अजिबात नाही. मानेभोवती नाळ सैल दिसली तर अलगद डोक्यावरून काढा. बाळ आलं की ते ओलं आणि निसरडं असतं. टॉवेलनं पुसा, पाठ चोळा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांवर मिळून पांघरूण घाला, बाळाचं डोकं झाका. नवजात बाळ फार लवकर गारठतं. नाळ कापू नका, ओढू नका. कापायची काही घाई नसते. वार आपणहून आली तर पातेल्यात नाहीतर पिशवीत घालून बाळाजवळच ठेवा, येणाऱ्या माणसांना ती बघायची असते. बाळाला छातीशी लावा, त्यानं पिशवी आवळायला मदत होते. रक्त थांबत नसेल किंवा बाळ श्वास घेत नसेल, तर फोनवर ते सगळ्यात आधी सांगा. हा परिच्छेद कापून फ्रिजवर चिकटवलात तरी मला आनंद होईल. आमच्याकडे नवऱ्यानं अशीच यादी लावली होती. त्यातली दार आणि दिवा ही दोनच कामं त्याच्या वाट्याला आली, पण ती त्यानं बिनचूक केली.

नंतरचे दिवस क्रामझोर्खच्या, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या इथल्या सेवेच्या, बाईंचे, आणि इथे आमच्या घरात खरी देवाणघेवाण झाली, कारण आई आलेली होती. क्रामझोर्ख मूलभूत विम्यात बसतं. किमान 24 तास तर हक्काचे, गरजेप्रमाणे 80 पर्यंत, बहुतेकींना आठवडाभर रोज काही तास मिळतात. बाई सकाळी यायच्या, दोघांचा ताप बघायच्या, माझं पोट दाबून पिशवी किती खाली उतरली ते पाहायच्या, टाके बघायच्या, स्नानगृह घासायच्या, थोरलीला नाश्ता द्यायच्या आणि सगळं वहीत लिहायच्या. आईकडे वही नव्हती, पण क्रम तिलाही पाठ होता: तेल, गरम पाणी, शेक, ओव्याची धुरी, पोटपट्टा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशेपा. बाळ पाळण्यात उताणंच निजवायचं, उशी नाही, खोलीत टोपडं नाही, यावर क्रामझोर्खच्या बाई ठाम होत्या. टोपड्यावाचून बाळ आईला बघवत नव्हतं. मी बाईंच्या बाजूनं कौल दिला, कारण झोपेत बाळ फार तापू नये यामागचं कारण भक्कम आहे. पण बाळंतिणीनं जिना उतरून पाहुण्यांना कॉफी द्यावी ही इथली रीत मात्र मी मानली नाही. तिथे आईचे चाळीस दिवस मला पटतात. आठवड्यानं बाई जातात आणि बाळंतीण एकटी पडते, ही या देशाच्या व्यवस्थेतली उणीव आहे, असं मी इथल्या मैत्रिणींनाही स्पष्ट सांगते.

भेटायला येणाऱ्याला इथे बेस्खाउटवर माउशेस देतात: गोल कुरकुरीत टोस्ट, लोणी, आणि वर साखरेचं कवच चढवलेले अनीसचे दाणे, मुलगा म्हणून निळे-पांढरे. आईनं एक दाणा चावला आणि म्हणाली, ‘अगं, ही तर बडीशेपेची बहीण.’ दुधासाठी चांगली म्हणून इथल्या जुन्या बायकाही अनीस द्यायच्या, हे क्रामझोर्खच्या बाईंनी सांगितलं तेव्हा आई उठली, शेपांची बरणी घेऊन आली आणि दोघी भाषेवाचून बराच वेळ वास घेत, चाखत बसल्या. शेपा, बडीशेप, अनीस सगळी एकाच कुळातली झाडं. पाचवीच्या दिवशी आईनं पाटा नव्हता म्हणून पोळपाट पुजला. त्याच सकाळी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायला बाई आल्या, दुर्मिळ आजार वेळीच कळावेत म्हणून. आईनं त्यांनाही हळदीकुंकू लावलं.

सगळ्यांनी घरीच बाळंत व्हावं असं माझं म्हणणं नाही. इथेही 1990च्या दशकात जवळजवळ तिसरा हिस्सा बाळंतपणं घरी होत, आता त्याच्या निम्म्याहून कमी होतात. कमरेतलं इंजेक्शन हवं असेल तर दवाखान्यातच जावं लागतं, आणि ते हवंसं वाटण्यात काहीही कमीपणा नाही. आमचं इस्पितळ जवळ होतं, म्हणून घर हा पर्याय तरी होता. डोंगरातल्या वाडीवरच्या बाईला मी हे सुचवणार नाही. माझा आग्रह आहे तो जागेचा नाही, त्या बसून राहणाऱ्या बाईचा आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात, सरकारी दवाखान्यांतली 14.3 टक्के. या दरीचं सगळं कारण बायकांच्या शरीरात असेल, हे मला पटत नाही. शिकलेली सुईण प्रसूतिगृहात असती, तर कळा देणाऱ्या बाईशेजारी थांबणं हेच जिचं काम अशी एक व्यक्ती तिथे असती. केंद्र सरकारनं 2018मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सेससाठी अठरा महिन्यांचं सुईणपणाचं प्रशिक्षण ठरवलं. ते माझ्या ओळखीच्या कुठल्याही दवाखान्यापर्यंत पोहोचलेलं मी पाहिलेलं नाही.

साताऱ्याच्या मावसबहिणीची दुसरी खेप आहे. दिवस भरत आलेत. तिला मी डॉक्टरीणबाईंना दोन गोष्टी विचारायला सांगितल्या: कळा देताना आई आत थांबू शकेल का, आणि तब्येत ठीक असेल तर आडवं न पडता, हवं तसं बसून-फिरून कळा देता येतील का. पहिलीला बाईंनी लगेच हो म्हटलं. दुसरीला म्हणाल्या, ‘आल्यावर बघू.’ मी तिला पुढच्या तपासणीला पुन्हा विचारायला सांगितलंय.